सायकलवर आलेले डाकू

तुळशीचं लग्न लागलं की मुरबाड-शहापूरकडच्या शूटिंगवाल्यांना उसंत मिळत नाही. आदल्या रात्री हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, मध्येच कुणाच्या प्री-वेडिंगसाठी माळशेज घाटाची वारी. दोन-तीन कॅमेरे, एक ड्रोन आणि एडिटिंगला बसणारा एखादा पोरगा, एवढ्यावर धंदा चालतो. आषाढ लागला की कॅमेरे कपाटात जातात. या मुलांपुढे मला त्यांच्यासारख्याच एका शूटिंगवाल्याचं काम मांडायचं आहे. तो मालेगावचा.

मालेगाव मोसम नदीकाठचं, यंत्रमागांचं गाव. मागावर बारा-बारा तास उभं राहायचं आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सिनेमाला गर्दी करायची, हा इथला शिरस्ता. नासिर शेख याच गावात व्हिडिओ पार्लर चालवत असे. हिंदी सिनेमांबरोबर तिथे चॅप्लिन आणि ब्रूस लीही लागत. रोज तेच पाहता पाहता कुठला प्रसंग प्रेक्षकांना धरून ठेवतो आणि कुठे लोक चुळबुळ करतात, हे त्याला कळत गेलं. सिनेमाच्या कुठल्याही शाळेत तो गेला नाही. लग्नाचं शूटिंग मात्र त्याने केलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर 2000 सालच्या सुमारास त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च आला सुमारे 50,000 रुपये.

कॅमेरा व्हीएचएसचा, कलाकार गावातलेच. घोडे परवडण्यासारखे नव्हते म्हणून गब्बरचे डाकू सायकलवरून आले. हलता शॉट घ्यायचा असेल तर कॅमेरामन सायकलवर बसे आणि कुणीतरी ती ढकली. कॅमेरा उंच न्यायचा तर बैलगाडीची क्रेन होई.

खरी कसोटी पुढे, जोडकामात होती. तेव्हा संगणक नव्हता. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडायचे, एकावर मूळ टेप चालवायची आणि हवा तो तुकडा दुसऱ्यावर उतरवून घ्यायचा. पॉजच्या बटणावरचं बोट क्षणभर चुकलं की सांधा चुकला, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय टेपवरून टेप उतरवली की चित्र दर वेळी थोडं फिकट होतं, रंग पसरतात, आवाजात खरखर येते. त्यामुळे फेरफाराची हौस परवडत नाही. तुकडा उतरवण्याआधी तो कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार हे मनात पक्कं असावं लागतं. त्या काळात लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग ज्यांनी केलं त्यांना ही मेहनत वेगळी सांगायला नको. आज मोबाइलवर तेच काम बोटाच्या टोकावर होतं. पण कुठे कापायचं हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं आणि नासिरचं मोठेपण मला तिथे दिसतं.

‘शोले’ गावात जोरात चालला. मग नासिरच्या मंडळींनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ हाती घेतला. सुपरमॅन झाला शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, हाडकुळा, लाजरा तरुण. हा नायक मालेगावच्या धुळीने बेजार आणि त्याची लढाई गावातल्या घाणीशी, तंबाखूशी. त्याला उडवायचं म्हणून हिरव्या कापडापुढे शूटिंग करून मागचं दृश्य संगणकावर बदलण्याची विद्या या लोकांनी शिकून घेतली. शूटिंगच्या धामधुमीत एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडला. तरीही काम थांबलं नाही. फैजा अहमद खान यांनी हा सगळा खटाटोप जवळून टिपला आणि ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो 2012 मध्ये चित्रपटगृहांत लागला. पण शफीक तोवर राहिला नव्हता. 2011 मध्ये तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. पडद्यावर तंबाखूशी लढलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

पुढे मालेगाव मोठ्या पडद्यावर पोचलं. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉयज ऑफ मालेगाव’ सप्टेंबर 2024 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला चित्रपटगृहांत आला. लेखन वरुण ग्रोव्हर यांचं, नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव. मालेगावच्या एका पार्लरवाल्याची गोष्ट सांगायला मुंबईची मोठी निर्मितीसंस्था उभी राहिली, याचा मला मनापासून आनंद आहे.

या यशाला एक उणी बाजूही आहे. गावातल्या बायका कॅमेऱ्यासमोर येत नसत, नट्या बाहेरून आणाव्या लागत. पैसा फार कुणाला मिळाला नाही. मुंबई तीनशे किलोमीटरच्या आत, पण तिथल्या सिनेमाचं दार या मंडळींना सहजी उघडलं नाही. एवढं सोसूनही त्यांनी एक गोष्ट सोडली नाही. पडद्यावर आपली गल्ली, आपली बोली, आपली माणसं असली पाहिजेत, हा हट्ट. मागावरचा कामगार तिकीट काढून आला तो शेजारच्याला गब्बर झालेला बघायला. शोलेची गोष्ट त्याला आधीच पाठ होती.

मुरबाडच्या आजच्या शूटिंगवाल्याकडे नासिरच्या कितीतरी पट चांगली साधनं आहेत. विषयांचीही वाण नाही. मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही त्याच तालुक्यात. समृद्धी महामार्गाला जमिनी गेलेले शेतकरी आहेत. पौषातली म्हशाची जत्रा आहे, तिथला गुरांचा बाजार आहे, घोंगड्या घेऊन बसलेले विक्रेते आहेत. ठाकर आणि कातकरी वाड्यांवरची गाणी आहेत आणि ती ज्यांना येतात ती माणसं आता थकत चालली आहेत.

म्हणून शूटिंगवाल्या मित्रांना एक विनंती आहे. पावसाळ्याच्या मोकळ्या महिन्यांत कॅमेरे कपाटात ठेवू नका. कातकरी वाडीवरच्या एखाद्या आजीसमोर कॅमेरा लावा, तिला बोलू द्या, गाऊ द्या. येत्या पौषात म्हशाची जत्रा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत टिपा. तयार झालेली फिल्म आधी त्याच गावात, समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवा. आणि वाचकांनो, तुमच्या घरच्या लग्नाच्या शूटिंगला पैसे मोजता, तसे या फिल्मसाठीही थोडे काढून ठेवा.