जुनी स्पोर्ट्स मोटार, अठरा वर्षांचा चालक : सौद्याआधी कागद आणि विमा

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी घरांतून एक नवी फर्माईश ऐकू येऊ लागली आहे. मुलाला अठरा पूर्ण झाले की त्याला मोटार हवी असते, आणि तीही साधी नव्हे, सुसाट धावणारी. नवी घेण्याची ऐपत नसते म्हणून नागपूर किंवा हैदराबादकडची जुनी मोटार शोधली जाते. आमच्याही घरी हाच प्रश्न आला. धाकट्याने मोबाईलवर एका लाल मोटारीचा फोटो दाखविला आणि म्हणाला, “अब्बा, एकदा बघून तर या.” आम्ही पडलो कापडाचे व्यापारी. इंजिनातले आम्हाला काही कळत नाही. पण अपुऱ्या कागदामुळे माणूस कसा बुडतो, हे आम्ही स्वतः भोगले आहे. त्या अनुभवावरून आणि नंतर केलेल्या चौकशीवरून हे चार शब्द लिहीत आहोत.

२००९ साली आम्ही आमची जुनी मोटार एका दलालामार्फत विकली. रक्कम हाती आली, आम्ही कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि विषय संपला असे समजलो. चार वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस दुकानावर आली. मूल रस्त्यावर त्या मोटारीने एका सायकलवाल्या मजुराला उडविले होते. तो जागीच गेला. मोटार कोण चालवत होता, आम्हाला ठाऊक नव्हते. विमा केव्हाच संपला होता आणि सरकारी दप्तरी मालक म्हणून अजून आमचेच नाव होते. दलालाचा पत्ता लागला नाही. त्या मजुराच्या विधवेला भरपाई द्यावी लागली ती आम्हाला. ती बाई हक्काचेच मागत होती, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. पण त्या वर्षी लग्नसराईचा माल भरायला आमच्याकडे भांडवल उरले नाही. हे सारे टळले असते, जर आम्ही एक दिवस दुकान बंद ठेवून परिवहन कार्यालयात गेलो असतो.

आता मुद्द्यांकडे वळू.

पहिला मुद्दा वयाचा व परवान्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मोटार चालविण्यास १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी मिळतो तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकाऊ असताना शेजारी परवानाधारक माणूस बसलेला हवा आणि गाडीवर ‘एल’ची पाटी हवी. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे पोर्शे मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार चालविल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. आरोपांचे खरेखोटे करणे न्यायालयाचे काम आहे. आपण इतकेच पाहावे की, कोटीच्या पुढच्या त्या मोटारीची नोंदणीदेखील पूर्ण नव्हती. १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. गाडी कितीही महाग असो, कागद अपुरा तो अपुराच.

दुसरा मुद्दा कोणती मोटार घ्यावी याचा. स्पोर्ट्स म्हणून जुन्या बाजारात जे मिळते ते तीन-चार प्रकारांत येते. २०१७ ते २०२० च्या दरम्यान विकली गेलेली मारुती बलेनो आरएस ९९८ सीसीची, फियाटची अबार्थ पुंटो १,३६८ सीसीची, आणि स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएससारख्या मोटारी सुमारे २,००० सीसीच्या. फियाटच्या नव्या मोटारी आता भारतात विकल्या जात नाहीत. सुट्या भागांची चौकशी आधी करावी, मग रंग पाहावा. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. परदेशी बनावटीची गाडी अहेरी किंवा सिरोंचाला बंद पडली तर ती ओढून नेण्याचा खर्चच खिसा रिकामा करील.

शिवाय आपले रस्ते ध्यानात घ्यावेत. आलापल्ली-आष्टी मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात, घुग्घुसकडे कोळशाचे. मोहर्लीकडे किंवा मूलच्या जंगलात रात्री चितळ, रानडुक्कर केव्हा आडवे येईल याचा नेम नाही. जमिनीला टेकलेली मोटार येथे शोभेची ठरते. अठरा वर्षांच्या मुलाला वेग समजतो, पण थांबायला किती अंतर लागते ते उमगायला वेळ लागतो.

तिसरा मुद्दा कागद पारखण्याचा. कापड घेताना आपण थान उलगडून शेवटच्या वारापर्यंत पाहतो, तसेच येथे करावे. नोंदणी पुस्तकावरचा चॅसिस नंबर व इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहावा. केंद्र सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि गाडीवर बँकेचा बोजा आहे की नाही हे कळते. दंडाची थकीत चलने ई-चलनाच्या संकेतस्थळावर दिसतात. कर्ज फिटले असे विकणारा तोंडी सांगेल, त्यावर विसंबू नये. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हाती आल्यावरच बयाणा द्यावा.

ही काळजी किती आवश्यक आहे, ते डीसी अवंती या मोटारीच्या प्रकरणावरून कळते. पुण्याजवळ तयार झालेली ही देशी स्पोर्ट्स मोटार मोठ्या कौतुकाने बाजारात आली होती. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी एक अवंती जप्त केली, तेव्हा त्याच चॅसिस व इंजिन नंबरवर दुसऱ्या राज्यातही नोंदणी असल्याचे आढळले. एकाच मोटारीवर कर्ज काढून ती पुन्हा विकली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. अशी गाडी अजाणतेपणी ज्याने घेतली असेल, त्याची रक्कमही अडकते आणि पोलीस चौकीच्या फेऱ्याही चुकत नाहीत.

चौथा मुद्दा नाव बदलण्याचा. फॉर्म २९ व ३० भरून विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहार १४ दिवसांत कळवावा, घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावून घ्यावे. परराज्यातील गाडी असेल तर फॉर्म २८ वरील ना-हरकत दाखला लागतो. आदिलाबाद, मंचेरियलकडची मोटार स्वस्त दिसते, पण महाराष्ट्राचा कर नव्याने भरून एमएच-३४ किंवा गडचिरोलीचा एमएच-३३ क्रमांक घ्यावा लागतो. तो खर्च मिळवला की स्वस्ताई बहुधा उरत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी परिवहन कार्यालयाकडून अधिकृत होणे ठरले आहे. अशा विक्रेत्याला गाडी देताना फॉर्म २९-सी ची सूचना दाखल करून तिची पोच जपून ठेवावी. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, गाडी कितीही हातांतून फिरली असली तरी दप्तरी ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. आमची कहाणी आपण वर वाचलीच.

पाचवा मुद्दा विम्याचा, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. विमा दोन भागांत असतो. पहिला भाग ‘थर्ड पार्टी’, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. तो कायद्याने सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरविते आणि तो चालकाच्या वयावर नव्हे, इंजिनावर अवलंबून असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे बलेनो आरएस पहिल्या दरात बसते, अबार्थ दुसऱ्या आणि ऑक्टाव्हिया तिसऱ्या. विलायतेत कोवळ्या वयाच्या चालकाला भारी हप्ता पडतो, आपल्याकडे सक्तीच्या विम्यात तसे नाही. पण त्यामुळे निर्धास्त होऊ नये. चालकाकडे परवाना नसेल तर कंपनी मृताच्या वारसांना रक्कम देते आणि नंतर ती मालकाकडून वसूल करते. स्वतःच्या गाडीचे नुकसान तर मिळतच नाही.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. यात गाडीची किंमत वयाप्रमाणे घटते. चार ते पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात, दहा लाखांची असेल तर पाच लाख. पाच वर्षांपुढे ती कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायची. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घट कापली जाते. बंपर वीस हजारांचा असेल तर दहा हजारच हिशेबात येतात. जंगलात जनावराला धडक बसून गाडी चेपली, तर भरपाई याच भागातून मिळते, नुसत्या थर्ड पार्टीतून नाही. पुराच्या पाण्यात उभ्या गाडीचे इंजिन सुरू केले आणि ते बिघडले, तर साधी पॉलिसी ते मानत नाही, त्यासाठी इंजिनाचे जोड-संरक्षण वेगळे घ्यावे लागते. भामरागडचा पावसाळा आणि इरईचा पूर पाहिलेल्यांना हे अधिक सांगायला नको.

आणखी तीन गोष्टी विसरू नयेत. विकणाऱ्याची दावा न केल्याची सवलत ही त्या माणसाची असते, गाडीची नव्हे. ती घेणाऱ्याला लागू होत नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. तिसरी गोष्ट घरोघरी चुकते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघाती विमा नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे त्यालाच असतो. गाडी बापाच्या नावे आणि चालवतो मुलगा, तर मुलाला त्याचा लाभ नाही. त्याच्यासाठी वेगळे अपघाती संरक्षण मागून घ्यावे. तसेच सायलेन्सर बदललेली, इंजिन वाढविलेली किंवा खाली बसविलेली गाडी कंपनीला न सांगता विम्यात घातली, तर दावा नाकारण्याचे निमित्त आपणच दिले असे होते.

विम्याबाबत आपल्यातील काहींच्या मनात शरीअतच्या दृष्टीने प्रश्न असतो. थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची आहे आणि तिच्यामागे रस्त्यावरच्या गरिबाच्या बायकामुलांचा हक्क उभा आहे. ऐच्छिक भागाविषयी आणि व्याजाच्या कर्जाविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे. मात्र तेवढ्या सबबीवर बिनविम्याची गाडी रस्त्यावर आणू नये.

आता आमच्या लाल मोटारीचे. आम्ही मुलाला घेऊन नागपूरला गेलो. गाडी तेलंगणाच्या नंबरची निघाली, बँकेचा बोजा उतरलेला नव्हता आणि सायलेन्सर बदललेला होता. आम्ही काही बोललो नाही, कागद त्याच्याच हाती दिला आणि वाचायला लावला. परतीच्या गाडीत तो वरोऱ्यापर्यंत गप्प होता. मग त्याने विचारले, “अब्बा, त्या मजुराला मुले किती होती?” आम्ही सांगितले, तीन. पुढच्या महिन्यात त्याच्या नावे एक साधी १,००० सीसीच्या आतली मोटार घेतली, सारे कागद त्याने स्वतः रांगेत उभे राहून केले. पहिले वर्ष रात्री जंगलातून चालवायची नाही, अशी अट आहे. अजून तरी तो ती पाळतो.