खोऱ्याचा तास

महाविद्यालयाच्या वेळापत्रकात हल्ली मूल्यशिक्षणालाही जागा असते. त्याची परीक्षा होते, गुण मिळतात. प्रामाणिकपणावरचा निबंध कॉपी करून पास व्हायची सोयही अर्थातच त्यात आली.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी अशा शिक्षणाची सुरुवात केली ती चुलीपासून. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची पोरं एकत्र राहायची. पाणी त्यांनीच भरायचं, स्वयंपाक त्यांनीच करायचा, जेवायला एकाच पंगतीत बसायचं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. त्या काळात गावोगाव पाणवठे वेगळे होते. इथे मात्र शेजारच्यानं रांधलेलं दोन्ही वेळा पोटात जात होतं, त्यामुळे समतेवर वेगळं व्याख्यान झोडावं लागलं नसावं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा गेलं. वसतिगृहातली पोरं हे सगळं पाहत होती.

१९४७ मध्ये साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं आणि ‘कमवा आणि शिका’ पदवीपर्यंत पोचलं. खिशात दमडी नसलेल्या मुलानं अंगमेहनत करायची आणि त्या बळावर शिकायचं. यात दया नव्हती, हिशेब होता. घेतलं त्याची परतफेड घामानं झालेली असल्यामुळे मान खाली घालायचं कारण उरत नव्हतं. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेतच रमले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. असा प्रवास सगळ्यांचा झाला नाही, हेही खरं.

सरकारनं श्रमातून शिकण्याचा हा विचार देशभर नेला तो राष्ट्रीय सेवा योजनेतून, म्हणजे एनएसएसमधून. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांनिशी तिचा आरंभ झाला. दोन वर्षांत २४० तास काम आणि खेड्यात सात दिवसांचं शिबिर, असा तिचा साचा. पण साचा म्हटलं की पळवाट आलीच. मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात यंदाचं रोप, पाहुण्यांसोबत फोटो आणि वाढीव गुणांपुरती हजेरी हा प्रकार एनएसएस केलेल्या कुणालाही नवा नाही. तरी सातव्या दिवशी गावातल्या म्हातारीचा निरोप घेताना रडणारी शहरी पोरंही याच शिबिरांत दिसतात. गुणांसाठी आलेला आणि गुण विसरलेला, पुष्कळदा एकच मुलगा असतो.

सरकारी साच्याबाहेर, चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती भरते मे महिन्यात, म्हणजे विदर्भातला पारा पंचेचाळिशीकडे धावत असताना. सकाळी कुदळ-फावडं, नंतर चर्चा आणि गाणी. इथे यायची कुणावर सक्ती नसते, त्यामुळे साच्यातली निम्मी दुखणी आपोआप टळतात.

पुणे विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेला आज भाऊरावांचंच नाव आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात कागदपत्रं जुळवणं, बागकाम अशा कामांचे तासांवर पैसे मिळतात. यातलं बागकाम सगळ्यात अवघड. खोरं जड असतं म्हणून नाही. वाफे असतात आपल्याच वर्गाच्या खिडकीखाली, आणि ऐन वेळी मधली सुट्टी होते.