बुसानचं स्वस्त बिझनेस हॉटेल: पैसे वाचतात, कामं वाढतात



पोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला जगभरची बंदरं फुकटात बघायला मिळतात, असा आमच्या नातेवाइकांचा ठाम समज आहे. बंदरं फुकटात मिळतात हे खरं, पण उतरायला काय मिळतं ते ट्रॅव्हल डेस्कच्या मर्जीवर. दक्षिण कोरियातल्या बुसानला माझे आतापर्यंत तीन लांब मुक्काम झाले आणि तिन्ही वेळा बजेट होतं रात्रीला ७०-८० हजार वॉनचं. म्हणजे 'बिझनेस हॉटेल'. आपल्यातले बरेच जण शिपिंगच्या कामाला बुसानला, मोटारींच्या कामाला उल्सानला किंवा जहाजबांधणीच्या कामाला कोजे बेटावर जात असतात. त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुद्दा एकच आहे. स्वस्त हॉटेल म्हणजे वाईट हॉटेल नव्हे. मोठ्या हॉटेलात आपण जे पैसे मोजतो त्यातले बरेचसे माणसांचे असतात. कोणी बॅग उचलतं, कोणी जेवणाचं विचारतं, कोणी रस्ता सांगतं आणि वेळ आलीच तर जिन्याकडे न्यायलाही कोणीतरी असतं. बिझनेस हॉटेलात रात्री काउंटरवर एकच माणूस, कधी कधी तर नुसतं मशीन. त्यामुळे बाकीच्यांची सगळी कामं आपल्याकडे येतात. त्यातली काही गमतीची आहेत, एक मात्र जिवाशी गाठ असलेलं.

काम पहिलं: पाटी नीट वाचणं

कोरियात 'मोटेल' नावाचा एक प्रकार गल्लोगल्ली असतो. तिथे खोली तासांच्या हिशोबानंही मिळते, गाडी दिसू नये म्हणून पार्किंगच्या तोंडाशी पडदे असतात आणि आतमध्ये जांभळे दिवे. खोल्या पुष्कळदा बिझनेस हॉटेलपेक्षा मोठ्या आणि स्वच्छ असतात, पण ऑफिसला बिल दाखवताना चेहरा कसा ठेवायचा हा प्रश्न उरतो. गंमत म्हणजे यातले कित्येक जण पाटीवर सरळ 'हॉटेल' लिहितात. कोरियात २०१५ पासून हॉटेलांना ताऱ्यांची श्रेणी मिळते (त्याआधी फुलांची होती) आणि तिची पाटी दर्शनी भागात लावलेली असते. बुकिंगच्या फोटोत ती शोधा.

बिझनेस हॉटेल हा मूळचा जपानी प्रकार. बुसानहून जपान समुद्रापलीकडे आहे, त्यामुळे तो इथे चांगला रुजलाय. तोयोको इनसारख्या जपानी साखळीच्या शाखा बुसान स्टेशन, सम्यन, हेउंदे अशा भागांत आहेत. लहान खोली, कडक चादरी, सकाळचा नाश्ता भाड्यात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा प्रकार सोयीचा पडतो.

काम दुसरं: 'कुठलं बंदर?' हे विचारणं

हा प्रश्न ट्रॅव्हल डेस्क कधीच विचारत नाही. बुसानला मुख्य बंदरं दोन आहेत. जुनं उत्तर बंदर शहराच्या कुशीत, बुसान स्टेशनच्या दारात. तिथल्या सगळ्यात जुन्या धक्क्यांचा पुनर्विकास २००८ पासून चालू आहे आणि चालू टर्मिनलं त्याच्या पूर्वेला आहेत. दुसरं नवं बंदर. ते २००६ साली सुरू झालं आणि स्टेशनपासून पश्चिमेला रस्त्यानं पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. थेट मेट्रो नाही. आज बुसानचे जास्त कंटेनर या नव्या बंदरातच हलतात.

म्हणजे 'बुसान पोर्ट, हॉटेल स्टेशनजवळ' असं बुकिंग आलं आणि काम नव्या बंदरात निघालं, तर रोजचे दोन तास रस्त्यावर. अशा वेळी म्यंगजी किंवा हादान या भागात राहा. हादान मेट्रोच्या १ नंबर लाइनवर आहे, म्हणजे रविवारी शहरात जायचीही सोय. काम जुन्या बंदरात किंवा ऑफिसांत असेल तर मात्र बुसान स्टेशनसारखी जागा नाही. केटीएक्स गाडीनं सोल साधारण अडीच तासांवर. विमानतळावरून येताना हलकी रेल्वे सासांगपर्यंत, मग २ नंबर लाइननं सम्यन, तिथून १ नंबर.

आवाका लक्षात यावा म्हणून सांगतो. बुसान वर्षाला २ कोटींहून जास्त टीईयू हाताळतं, आपलं न्हावा-शेवा ७० लाखांच्या पुढे. बुसानमधले निम्म्याहून जास्त कंटेनर कोरियात जातच नाहीत. एका जहाजातून उतरतात, दुसऱ्यात चढतात आणि पुढे निघतात. आमच्यासारखेच.

काम तिसरं: खोलीशी जुळवून घेणं

खोलीत एक पलंग, एक टेबल, आणि बॅग उघडली की चालायला जागा नाही. बॅग पलंगाखाली जाते का ते आधी बघा. दाराशी चपला काढायची जागा असते आणि स्लीपर ठेवलेल्या असतात. बूट घालून आत जायचं नाही, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. वीज २२० व्होल्ट, प्लग दोन गोल पिनांचा. अमेरिका, इंग्लंड किंवा आखातातून येणाऱ्यांनी अॅडॉप्टर आणावा.

टूथब्रश मात्र स्वतःचा न्या. मार्च २०२४ पासून ५० किंवा त्याहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना एकदाच वापरून फेकायचे टूथब्रश, रेझर, शाम्पू वगैरे फुकट द्यायला कोरियात बंदी आहे. उलट एक मोठी सोय अनेक ठिकाणी असते, ती म्हणजे कमोडला बटणांची पाण्याची व्यवस्था. युरोप-अमेरिकेत वर्षानुवर्षं मनात कुढणाऱ्या आपल्या लोकांना इथे एकदम माहेरी आल्यासारखं वाटतं. बटणांवर कोरियन असतं, तेव्हा आधी 'थांबा' हे बटण कुठलं ते ओळखून ठेवा. अधिक तपशील देत नाही!

लिफ्टमध्ये ३ नंतर बऱ्याचदा ४ ऐवजी इंग्रजी 'एफ' दिसतो, किंवा चौथा मजलाच नसतो. कोरियनमध्ये चार आणि मृत्यू या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच, म्हणून.

काम चौथं: बाहेर कसं पडायचं ते बघणं

आता महत्त्वाचं. २२ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी सोलजवळच्या बुचन शहरात एका नऊ मजली हॉटेलला आग लागली आणि ७ जण गेले. आग एका खोलीत सुरू झाली. ज्वाळा फार पसरल्या नाहीत, पण विषारी धूर मजल्यावर भरला. इमारत २००३ ची, त्या वेळी सक्ती नसल्यानं खोल्यांत स्प्रिंकलर नव्हते. खाली अंथरलेल्या हवेच्या गादीवर दोघांनी उडी मारली, गादी उलटली आणि दोघंही वाचले नाहीत. एक तरुणी मात्र बाथरूममध्ये शॉवर सोडून आणि दाराशी टॉवेल लावून तग धरून राहिली आणि वाचली.

कोरियातली आपल्या बजेटमधली बरीच हॉटेलं त्याच वयाच्या इमारतींत आहेत. तेव्हा खोलीत गेल्यावर वायफायचा पासवर्ड टाकायच्या आधी पाच मिनिटं खर्च करा. छताकडे बघून स्प्रिंकलर आहे का ते पाहा. खोलीचं दार आपोआप पूर्ण बंद होतं का ते बघा. बाहेर जाऊन जिन्यापर्यंत किती दारं लागतात ते मोजा, कारण धुरात पाटी दिसत नाही, हात भिंतीला लावून मोजतच जावं लागतं. जिन्यात चादरींच्या गाड्या किंवा खोकी रचलेली नाहीत ना, हेही पाहा.

आणि खिडकीपाशी एक खोका असतो, त्याकडे दुर्लक्ष करू नका. त्यात 'वानगांगी' असते, म्हणजे दोरीनं हळूहळू खाली उतरायचं साधन. कोरियात तिसऱ्या ते दहाव्या मजल्यावरच्या हॉटेलांच्या खोल्यांत ते ठेवावं लागतं. मला वाटायचं तो प्रथमोपचाराचा डबा असावा. दुसऱ्या मुक्कामात काउंटरवरच्या आजोबांना फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, "हे कसं वापरायचं?" आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. मग वर आले आणि दोरी बाहेर न टाकता सगळं करून दाखवलं. भिंतीवरच्या लोखंडी दांड्याच्या कडीत हूक अडकवायचा आणि स्क्रू घट्ट करायचा. दांडा खिडकीबाहेर ढकलायचा. खाली कोणी नाही ना बघून दोरीचं रीळ टाकायचं. पट्टा काखेखालून छातीला घट्ट आवळायचा. भिंतीकडे तोंड करून उतरायचं, तळहात भिंतीला टेकत. दोन्ही हात वर करायचे नाहीत, केले तर पट्ट्यातून माणूस निसटतो. शेवटी आजोबा भाषांतरातून म्हणाले, "इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच." हे वाक्य काही मला आवडलं नाही.

जिना मोकळा असेल तर जिनाच पहिला, लिफ्ट नाही, आणि निघताना खोलीचं दार ओढून घ्या. दार तापलेलं असेल किंवा बाहेर धूर भरला असेल तर दार उघडू नका, फटीत ओले टॉवेल कोंबा आणि फोन करा. आग आणि अँब्युलन्ससाठी ११९, पोलिसांसाठी ११२. प्रवाशांच्या मदतीसाठी १३३० हा नंबर आहे, तिथे इंग्रजी बोलतात.

काम पाचवं: पोटाचं बघणं

मांसाहारी मंडळींना बुसान म्हणजे मेजवानी. स्टेशनच्या आसपास डुकराच्या मांसाचा रस्सा-भात, चागालचीचा मासळी बाजार, आणि 'मिलम्यन' नावाच्या गार शेवया. युद्धाच्या काळात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांना त्यांच्या शेवयांचं पीठ मिळेना, तेव्हा मदतीतून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या त्यांनी केल्या, त्या या मिलम्यन.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 'गोगी' म्हणजे मांस. 'गोगी नको' म्हटलं तर मांस काढतात, मासे आणि कोळंबी तशीच राहतात. म्हणून "गोगी, हेमुल प्पे जुसेयो" म्हणा, म्हणजे मांस आणि समुद्रातलं दोन्ही काढा. तरी किमचीत बहुतेक वेळा खारवलेल्या कोळंबीचा किंवा माशाचा अंश असतो आणि रश्शाला सुक्या माशाचं पाणी. खात्रीचं हवं असेल तर सीयू किंवा जीएस२५ सारखं दुकान गाठा. दोन मिनिटांत मायक्रोवेव्हमध्ये गरम होणारा भात, दही, केळी, उकडलेली अंडी खाणाऱ्यांना अंडी. बरोबर घरचं मेतकूट आणि लोणचं असेल तर महिना निघतो. नाम्पो भागात 'सिआत होत्तोक' मिळतं. गोड पुरीत गूळसाखरेसारखं सारण आणि भाजलेल्या बिया. आपल्या पुरणपोळीची लांबची चुलतबहीण म्हणा.

खानावळीतल्या बाईंना तिथले लोक 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. चौथ्या दिवशी मीही 'इमो' म्हणून हाक मारली, तेव्हा मावशींनी न सांगता माझ्या भातावर दुसरं अंडं घातलं. टीप द्यायची तिकडे पद्धत नाही. नमस्कारासारखं थोडं वाकलं की पुरे.

काम सहावं: खोलीबाहेर पडणं

त्या खोलीत रविवार काढणं अशक्य आहे, आणि ते बरंच आहे. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात बुसान ही दक्षिणेची तात्पुरती राजधानी होती आणि लाखो माणसं इथे आसऱ्याला आली. स्टेशनजवळच्या छोर्यांगच्या १६८ पायऱ्या चढून वर गेलात की त्यांनी डोंगरावर रचलेली घरं दिसतात आणि खाली सगळं बंदर. आमी-दोंग भागात तर लोकांनी जुन्या जपानी दफनभूमीचे दगड पायात घालून घरं बांधली. तेही थोड्या दिवसांसाठीच आले होते.

याच बंदरात नोव्हेंबर १९५० मध्ये आपल्या लष्कराची ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स उतरली, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. त्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. भारतानं लढायला सैन्य पाठवलं नाही, डॉक्टर पाठवले. २ नंबर लाइनवर संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी आहे, तिथे जरूर जा. आणि मुंबई-बुसान १९७७ पासून भगिनी शहरं आहेत, हे माझ्या टर्मिनलवरच्या कुणालाच माहीत नव्हतं. मलाही तिथे गेल्यावरच कळलं.

थोडक्यात काय, कंपनीनं स्वस्त हॉटेल दिलं म्हणून कुरकुर करू नका, पण एक मागणी जरूर करा. मी आता प्रत्येक बुकिंगच्या आधी ट्रॅव्हल डेस्कला दोनच प्रश्न पाठवतो: कामाचं टर्मिनल कुठलं, आणि खोल्यांत स्प्रिंकलर आहेत का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर त्याच भावात दुसरं हॉटेल मागतो. आतापर्यंत प्रत्येक वेळी मिळालंय. तुम्हीही विचारा, आणि तुमच्या टीममधल्या पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या पोरा-पोरींना विचारायला सांगा. त्यांना संकोच वाटतो.