गॅस गिझरमधून वाचला, पण आता आवाज सहन होत नाही: कार्बन मोनॉक्साइडनंतरचं आयुष्य

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांना ऐकायला वेळ नाही, जे एसटीत हेडफोन विसरून बसलेत, किंवा ज्यांना सध्या कुठलाच आवाज कानाशी नकोय, त्यांच्यासाठी. आजचा विषय खरं तर या तिसऱ्या लोकांचाच आहे.

दर थंडीत एक बातमी येतेच. बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता, दार आतून बंद होतं, कोणीतरी बेशुद्ध सापडलं. माणूस गेला तर बातमी मोठी. वाचला तर शेवटची ओळ असते, 'प्रकृती स्थिर आहे'. आज आपण या ओळीच्या पुढचं बोलणार आहोत. कारण काही जणांचा खरा त्रास घरी आल्यावर सुरू होतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी जुन्नरचा, बी.टेक. करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. पण हा प्रकार नात्यात जवळून पाहिला आणि मग वाचत गेलो.

हा वायू नेमकं करतो काय?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसला जो घाण वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. तो गॅस जळाला की वासही जळतो. म्हणजे 'वास आला नाही, म्हणजे सगळं ठीक' हा हिशोब इथे चालत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहणारी एसटी समजा. कार्बन मोनॉक्साइड या एसटीतली सीट ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट पकडतो. गाडी भरलेली दिसते, पण मेंदूच्या स्टॉपवर कामाचं कोणी उतरतच नाही. शिवाय हा वायू पेशींच्या आत जाऊन ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही बिघडवतो. मग सूज येते, आणि मेंदूतल्या तारांवरचं आवरण, म्हणजे मायलिन, खराब होऊ शकतं. हे शेवटचं काम सावकाश चालतं. म्हणून काही जण शुद्धीवर येतात, दोन-तीन आठवडे बरे दिसतात आणि मग अचानक विसरायला लागतात, चिडचिड करतात, चालताना अडखळतात. हा उशिरा येणारा त्रास साधारण २ ते ४० दिवसांत कधीही सुरू होऊ शकतो.

आपल्याकडे हा येतो कुठून?

एक तर गॅस गिझर. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साधारण १० किलोवॅट उष्णता लागते. म्हणजे स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम फुल्ल. आता हे सगळं चार बाय पाचच्या बाथरूममध्ये, थंडी वाजते म्हणून खिडकी बंद करून. काही मिनिटांत ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

दुसरं म्हणजे शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं. जुन्नर-आंबेगावात यात एक वेगळी भर आहे, बिबट्या. उसाच्या पट्ट्यात अंधार पडला की दारं-खिडक्या गच्च बंद होतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच बंद खोलीत पाय शेकायला निखारे ठेवले तर बाहेरचा धोका टळतो आणि आतला सुरू होतो. निखारा धूर करत नाही म्हणून निर्धोक वाटतो, पण कार्बन मोनॉक्साइड सोडण्यात तो धुरकट लाकडापेक्षा मागे नाही.

तिसरं, तंबू. माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरकडे कॅम्पिंगला जाणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवा: बार्बेक्यू विझलाय असं वाटलं तरी तो तंबूत घ्यायचा नाही.

शॉवर घेताना बदललेलं आयुष्य

या विषयातली जगातली सगळ्यात गाजलेली पेशंट डी. एफ. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. स्कॉटलंडची बाई, इटलीत राहायची. १९८८ मध्ये, वयाच्या ३४व्या वर्षी, शॉवर घेत असताना पाणी तापवण्याच्या बिघडलेल्या यंत्रातून कार्बन मोनॉक्साइड पसरला. ती वाचली. डोळे शाबूत होते, रंग दिसत होते, वस्तूचा खडबडीतपणा कळत होता. पण आकार कळेना. समोर चौकोन आहे की त्रिकोण, पेन्सिल उभी आहे की आडवी, सांगता येईना.

डेव्हिड मिल्नर आणि मेल्विन गुडेल या शास्त्रज्ञांनी तिचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांनी तिच्यासमोर तिरकी फट ठेवली. 'फट कशी आहे?' विचारलं तर तिला सांगता येईना. 'या फटीत कार्ड टाक' म्हटल्यावर मात्र हात बरोबर वळला आणि कार्ड आत गेलं! 'हे काय आहे' हे ओळखणारी मेंदूची वाट तुटली होती, 'हात कसा न्यायचा' ही वाट चालू होती. मेंदू पाहण्याचं काम कसं वाटून घेतो, याबद्दलची आपली समज या एका पेशंटमुळे खूप बदलली.

आपल्यासाठी यातला मुद्दा साधा आहे. डोळा चांगला, कान चांगला, तरी पाहणं-ऐकणं बिघडू शकतं. कारण ते काम शेवटी मेंदूत होतं.

आवाज, उजेड, वास

डी. एफ.च्या बाबतीत एक क्षमता गेली. काहींच्या बाबतीत उलटं होतं, सगळंच जास्त येतं. माझ्या मामेभावाचं तसं झालं. आंबेगाव तालुक्यात घर, गॅस गिझर, आतून कडी. दार तोडून त्याला बाहेर काढलं, ऑक्सिजन दिला, तीन दिवसांत घरी आला. पुढच्या महिन्यात मला म्हणाला, "दादा, कोणी ताट ठेवलं तरी डोक्यात वाजतं रे." ट्यूबलाइटखाली बसवेना. टोमॅटोवर फवारणी चालू असली की दोन वावरं सोडूनही मळमळायचं. बैलगाडा शर्यतीचा घाट म्हणजे त्याचा जीव की प्राण, तिथल्या स्पीकरपासून तो पळून आला. मामी म्हणायची, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत, मग हे काय खूळ?"

हे खूळ नाही. समजायला आपल्याच खोडदचं उदाहरण घेऊ. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. एकूण ३० डिश, प्रत्येक ४५ मीटर रुंद, काही खोडदला आणि बाकीच्या आसपास दूरवर पसरलेल्या. आकाशातून येणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो. म्हणून रिसीव्हर तो खूप मोठा करतो, आणि मोबाइल टॉवरसारखा नको असलेला गोंगाट फिल्टर अडवतो. फिल्टर बिघडला तर बाहेरचा गोंगाट वाढलेला नसतो, तरी रिसीव्हर त्यात बुडतो.

मेंदूतही असे फिल्टर आहेत. पंख्याची घरघर, शर्टाचा स्पर्श, शेजारच्या घरातली फोडणी, यातलं बहुतेक आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. ऑक्सिजन तुटून इजा झालेल्या मेंदूचं हे गाळण्याचं काम ढिलं पडू शकतं. डोक्याला मार लागल्यावरही उजेड आणि आवाज असेच बोचतात. मग दिवसभर सगळं आत येत राहतं, आणि माणूस संध्याकाळपर्यंत थकून, चिडून बसतो. वासाचा त्रास सगळ्यात वादाचा, कारण तो दाखवणारी एखादी ठरावीक टेस्ट नाही. पण टेस्ट नाही म्हणजे त्रास नाही, असं होत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतो, तसंच हे झालं. बग युजरच्या मशीनवर असतो.

रिपोर्ट नॉर्मल का येतात?

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो. सीट कोणी पकडली आहे, ऑक्सिजनने की कार्बन मोनॉक्साइडने, हे त्याला कळत नाही. तो ९८ दाखवेल. स्मार्टवॉचचंही तेच. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि तीही वेळेत. साध्या हवेत रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला ४ ते ५ तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा तास. म्हणजे गावातून निघून, वाटेत ऑक्सिजन घेत पुण्याला पोहोचेपर्यंत पुरावा बराचसा उडून गेलेला असतो. इजा मात्र झालेली असते.

अमेरिकेत २००२ मध्ये १५२ पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना ऑक्सिजन मिळाला होता. निम्म्या लोकांना तो जास्त दाबाच्या बंद चेंबरमध्ये दिला, बाकीच्यांना नेहमीच्या दाबाने. सहा आठवड्यांनी स्मरणशक्ती आणि लक्ष तपासलं तर चेंबरवाल्यांत २५ टक्के लोकांना त्रास होता, बाकीच्यांत ४६ टक्के लोकांना. चेंबर कोणाला द्यावा यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. पण एक गोष्ट स्पष्ट आहे: उपचार मिळूनही बऱ्याच जणांना मागे काहीतरी उरतं.

मग करायचं काय?

घटना घडली त्या वेळी: आधी दार-खिडकी उघडा, श्वास रोखून गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. वाचवणाऱ्याने आत रेंगाळायचं नाही. डॉक्टरांना स्वतःहून सांगा, 'गिझर चालू होता, दार बंद होतं, अंदाजे इतकी मिनिटं.' नाहीतर फिट किंवा चक्कर समजून उपचार होऊ शकतात.

घरी आल्यावर: डिस्चार्ज पेपरवर कार्बन मोनॉक्साइडचा उल्लेख आणि तारीख आहे का ते बघा, नसेल तर मागून घ्या. पुढचे सहा आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, कारण बदल बऱ्याचदा पेशंटच्या आधी घरच्यांना दिसतो. मोबाइलच्या नोट्समध्ये रोज दोन ओळी लिहा: कशाने त्रास झाला, किती वेळ राहिला. न्यूरोलॉजिस्टला 'कसंतरी होतं' यापेक्षा ही यादी खूप कामाची. कान आणि डोळे वेगळे तपासून घ्या.

एक गोष्ट उलटी वाटेल. दिवसभर कानात बोळे आणि घरात काळा चष्मा लावून बसू नका. शांततेची आणि अंधाराची सवय लागली की संवेदनशीलता आणखी वाढते. वरातीच्या डीजेपासून कान जरूर वाचवा, पण घरातले साधे आवाज आणि उजेड थोडे-थोडे वाढवत न्या, मध्ये विश्रांती घेत. मामेभावाचं असंच हळूहळू सुधारतंय. अजून फवारणीच्या दिवशी तो गावात थांबत नाही, आणि आता घरातलं कोणी त्यावर बोलत नाही. त्याला याचा मोठा आधार वाटतो.

आणि हे घडूच नये म्हणून: गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि गरम पाणी पाइपने आत आणा. तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडी हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळीला जा. निखारे झोपायच्या खोलीत नकोत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. फक्त घेताना नाव नीट वाचा, गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो.

तुमच्या ओळखीत कोणी असं वाचलेलं असेल आणि त्यानंतर 'विचित्र वागतो' असं सगळे म्हणत असतील, तर हा भाग त्यांच्या घरच्यांना पाठवा. ऑडिओ नको, ही लिंकच पाठवा. वाचायला आवाज लागत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, खिडकी उघडी ठेवा.