रतनगड ते हरिश्चंद्रगड: वाट ठरवताना

घाटमाथ्यावरून कड्याच्या बाजूबाजूने तीन-चार दिवस चालायचंय? मग हा रेंज ट्रेक कराच! 🚩

🥾 वाट: रतनवाडी – रतनगड – कात्राबाईची खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड (१४२४ मी.) – टोलार खिंड – खिरेश्वर.

💧 नकाशावर अंतराआधी पाणी शोधा. गडांवर टाकी आहेत, पण मधल्या पट्ट्यातले ओढे उन्हाळ्यात आटतात. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम.

🌳 कात्राबाईच्या जंगलात ढोरवाटा पावलोपावली फुटतात आणि सगळ्या सारख्याच मळलेल्या दिसतात. रतनवाडीतून वाटाड्या घ्याच.

🏡 मुक्काम कुमशेत, पाचनईला ठेवा. गावात जेवण मिळतं आणि कुणाचा पाय मुरगळला तर राजूरकडे गाडीरस्ता आहे.

🌄 हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून तिथे संध्याकाळी पोहोचाल असं गणित बांधा. कडा आत वळलेला आहे. टोकाला उभं राहू नका, पालथं झोपूनच खाली बघा.

⚠️ कोकणात उतरणारी नळीची वाट दोर आणि अनुभव असल्याशिवाय नकोच.

या वाटेचा बराचसा भाग अभयारण्यात येतो. आपला कचरा आपल्याच सॅकमधून परत आणा!

#सह्याद्री #भटकंती #हरिश्चंद्रगड