आधी नोकरीचा व्हिसा, मग विमानाचे तिकीट

मागच्या वर्षीची गोष्ट. माझा थोरला भाऊ घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्याची सारी नोकरी गेली. एका रविवारी त्याने मला तातडीने बोलावून घेतले. जाऊन पाहते तो वहिनी गळ्यातली सोन्याची माळ रुमालात गुंडाळून बसलेली.

पुतणी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, आळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. ती म्हणाली, "आत्या, थायलंडला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळतेय." एजंटाने दीड लाख मागितले होते. दादा फंडाचे पैसे काढणार होता, कमी पडतील ते वहिनीच्या माळेतून. पर्यटक म्हणून जायचे, कामाचा परवाना तिथे गेल्यावर मिळतो, असे एजंटाचे म्हणणे. मी शंका काढली तर दादा म्हणाला, "अगं, बुद्धाचा देश आहे तो. तिथे कोण फसवणार?"

मी म्हटले, "दादा, फसवणारा तिथला कशाला हवा? तो इथेच बसलेला असतो."

वाचकहो, आपल्या घरांतून आता पदवीधर मुले-मुली निघत आहेत आणि परदेशी जाण्याची उमेद धरीत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण आईबापांची आयुष्यभराची कमाई एका सहीने जाऊ नये म्हणून चार गोष्टी आधी समजून घेतल्या पाहिजेत.

थायलंडमध्ये शिकवायचे तर 'नॉन-इमिग्रंट बी' हा व्हिसा लागतो. तो मिळावा म्हणून तिथल्या शाळेनेच कागद पाठवायचे असतात: नेमणुकीचे पत्र, शाळेच्या परवान्याची प्रत वगैरे. १ जानेवारी २०२५ पासून भारतीयांनी या व्हिसाचा अर्ज संगणकावरून करायचा असतो. तिथे पोचल्यावर कामगार खात्याचा कामाचा परवाना वेगळा. शिवाय शिक्षक परिषदेची शिकवण्याची परवानगी लागते, तीही शाळाच मागते. म्हणजे सगळ्याचे मूळ शाळा आहे. शाळेचे नाव न सांगता जो व्हिसा देऊ म्हणतो, त्याच्याकडे द्यायला काही नसते.

पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे काम करता येत नाही. तिथे गेल्यावर व्हिसा बदलता येतो हे काही वेळा खरे असते. पण परवाना हातात येईपर्यंत वर्गात उभे राहणे हा गुन्हाच. त्याला पाच हजारांपासून पन्नास हजार बाथपर्यंत दंड आहे आणि देशाबाहेर काढतात. दंड एजंटाला होत नाही, आपल्या लेकराला होतो.

याहून भयंकरही घडले आहे. थायलंडमध्ये चांगली नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन संगणकावरून लोकांना लुबाडण्याच्या कामाला जुंपले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने याबद्दल इशारा दिला. मार्च २०२५ मध्ये तर वायुसेनेच्या विमानांनी पाचशेहून अधिक जणांना परत आणावे लागले.

आता आपल्याकडची बाजू. परदेशी नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते. नोंदलेल्या एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. उमेदवाराकडून त्याने घ्यायची फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी. दीड लाख कुठे आणि हे कुठे! एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दहावी नापास मजुराला थायलंडसारख्या देशात कामाला जायचे तर सरकारची मंजुरी घ्यावी लागते, निदान कुणीतरी त्याचे कागद पाहतो. पदवीधराला ती लागत नाही. त्यामुळे शिकलेल्या मुलाचे कागद तपासणारे कुणी नसते. ते घरच्यांनीच तपासायचे.

सगळीकडे एकच नियम नाही, हेही लक्षात घ्या. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा मुख्यतः इंग्रजी मातृभाषा मानल्या गेलेल्या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारताशी झालेला करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, तेव्हा आपल्यासाठी छोटी वाट उघडली. पण तिला इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता दोन्ही लागतात. म्हणून बी.ए. नंतर बी.एड. केलेले कधी वाया जात नाही. 'टेफल' नावाचा १२० तासांचा अभ्यासक्रम बऱ्याच शाळा मागतात. पण ते प्रमाणपत्र म्हणजे व्हिसा नव्हे.

कागदांची तयारी मात्र आजच सुरू करता येते. मूळ पदवी आणि गुणपत्रिका, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारा पोलीस चौकशीचा दाखला आणि पदवीवरचे सरकारी साक्षांकन. आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच. परदेशी कचेरीत एका अक्षरावरून अर्ज परत येतो. राज्याच्या राजपत्रात नावाची नोंद करून सगळे कागद वेळीच सारखे करून घ्यावेत.

त्या रविवारी आम्ही तिथूनच एजंटाला फोन लावला. पुतणीनेच विचारले, "साहेब, तुमचा नोंदणी क्रमांक काय? आणि शाळेचे नाव?" तो म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू द्या." आम्ही राहू दिले.

त्यानंतर तिने स्वतःच शाळांना अर्ज धाडले. बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आले नाही. एका शाळेने फोनवर मुलाखत घेतली, इंग्रजीच्या 'टोइक' परीक्षेचे गुण मागितले; तिने ती परीक्षा दिली. अकरा महिन्यांनी नेमणुकीचे पत्र आले, मग व्हिसा, आणि सर्वांत शेवटी तिकीट. तेवढा खर्च दादाने केला. बाकी फंड बँकेत आहे.

पोरगी निघाली त्या दिवशी वहिनी घणसोली स्टेशनापर्यंत सोडायला आली होती. माळ तिच्या गळ्यात होती.