पडाव, गलबत आणि डिंगी

कोंकण किनाऱ्यावर आगबोटींची ये-जा होती त्या काळीं हर्णै, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांत मुंबईची बोट थेट काठाला येत नसे. काठाजवळ पाणी उथळ, मालवणास तर खडकांचें जाळें. त्यामुळें ती दूर खोल पाण्यांत नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंची व सामानाची ने-आण पडाव करीत.

पडाव म्हणजे रुंद पोटाची उघडी नाव. तींत बसणें फारसें अवघड नव्हतें. खरी परीक्षा बोटीपाशीं होई. लाटेबरोबर पडाव वर चढे आणि तितकाच खालीं जाई. बोटीची शिडी मात्र जवळजवळ जागच्या जागीं. पडाव लाटेच्या माथ्यावर आला, कीं त्याच क्षणीं पाऊल उचलावयाचें; विलंब झाला, तर पायांखालची फळी निसटलीच! लहान मुलांना खलाशी हातोहात वर देत. मुंबईपर्यंतच्या साऱ्या प्रवासांत उतारूंना धास्ती असे ती या दोन हात अंतराची. पावसाळ्यांत तर ही वाहतूक बंदच ठेवावी लागे.

मुक्काम या अर्थाचा पडाव निराळा. तमिळांत नावेला पडगु म्हणतात, तुळूंत पडवु. तेव्हां नावेचा पडाव बहुधा त्यांचाच आप्त असावा.

याच किनाऱ्यावर अठराव्या शतकांत आंग्र्यांचें आरमार होतें. त्यांत गुराब हें मोठें लढाऊ जहाज, आणि गलबत तिचें मदतनीस. गलबताला चाळीस-पन्नास वल्हीं असत, असें ओर्म हा इंग्रज इतिहासकार लिहितो. वारा पडला, कीं शिडांवर चालणारी गुराब जागींच खिळे. मग गलबतें दोर लावून तिला शत्रूवर ओढून नेत. गुराब हा शब्द अरबी, त्याचा मूळ अर्थ कावळा. इंग्रजांनीं त्याचें 'ग्रॅब' केलें. १७५६ सालीं विजयदुर्गास तुळाजी आंग्र्याचें आरमार जळालें. आज गुराब इतिहासग्रंथांपुरती उरली आहे. गलबत मात्र पुढें मालवाहू शिडाच्या जहाजाचें नांव होऊन बसलें. चाकरानें धन्याची जागा घेतली म्हणावयाची.

डिंगी त्याहून दूर गेली. हिंदी-बंगालींतील ही लहानशी होडी इंग्रजींत शिरली आणि मोठ्या जहाजानें सोबत बाळगावयाच्या होडीस तिचें नांव मिळालें. आतां हवा भरून फुगविलेल्या रबरी होडीसही जगभर डिंगीच म्हणतात. बंगालच्या नद्यांवर मूळची लांकडी डिंगी अजून वल्ह्यानेंच चालते.